निरीक्षण करा व गप्प बसा

लहान मुलांची निरीक्षणशक्ती वाढवायला हवी, असं हल्ली जो तो सांगतो. सांगणाऱ्यांच्या घरात लहान मूल नसावं, असा माझा दाट संशय आहे. ज्यांच्या घरी ते असतं, त्यांचा देवाकडे नेमका उलटा अर्ज असतो: पाहुणे जाईपर्यंत तरी हिची निरीक्षणशक्ती जरा आवरून धर. माझ्या नातीने पाच वर्षांची असताना घरी आलेल्या एका दूरच्या काकांच्या कपाळावर बोट टेकवून विचारलं होतं, "काका, दिवाळीला तुमचे केस इथपर्यंत होते ना?" आता यात निरीक्षण आहे, मोजमाप आहे, जुन्या नोंदीशी तुलना आहे आणि निष्कर्ष काढण्याआधी संबंधित व्यक्तीकडे केलेली खातरजमासुद्धा आहे. शास्त्रज्ञ याहून वेगळं काय करतात? फक्त त्यांना कोणी दंडाला धरून आतल्या खोलीत नेत नाही.

तीच नात आता तिसरीत गेली आणि शाळेने तिला निरीक्षण शिकवायला घेतलं.

विषयाचं नाव परिसर अभ्यास. पहिली-दुसरीला हे स्वतंत्र पुस्तक नको, एवढ्या वयात परिसर भाषेतून आणि गणितातूनच येऊ द्या, असं २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगून ठेवलं होतं. तिसरीत मात्र पुस्तक येतं. पुस्तक आलं की वही येते, वही आली की तिला खाकी कव्हर येतं, कव्हरवर लेबल येतं, आणि तिथून पुढे परिसर वहीच्या आत राहायला जातो.

पुस्तकाला मी नावं ठेवणार नाही. निवृत्त माणूस असल्यामुळे सकाळचा पेपर संपला की मी नातीची पुस्तकं वाचतो, आणि बालभारतीचं हे पुस्तक खरोखर चांगलं आहे. १९६७ पासून ही संस्था पुण्यात बसून अख्ख्या महाराष्ट्राची दप्तरं भरते आहे, तिला मुलांची नस कळते. पानोपानी चौकटी आहेत आणि त्यांना मथळे आहेत: सांगा पाहू, करून पहा, जरा डोके चालवा, काय करावे बरे. मथळे मुलांसाठी आहेत, वापर मात्र घरातली मोठी माणसं करतात. रात्री साडेनऊला जेवणाच्या टेबलावर "उद्या प्रोजेक्ट द्यायचंय" ही बातमी फुटते. सून म्हणते, आधी का नाही सांगितलंस ते सांग पाहू. मुलगा यूट्यूब लावून करून पाहतो. डोकं चालवायचं काम आजीकडे येतं, आणि काय करावे बरे हे आम्ही चौघं मिळून म्हणतो. जिचं प्रोजेक्ट असतं ती तोवर झोपलेली असते.

या विषयाची आखणी अशी की मूल मध्यभागी ठेवायचं आणि त्याच्याभोवती वर्तुळं काढत जायचं. आधी कुटुंब, मग शेजार, शाळा, गाव, जिल्हा, राज्य. आमच्या वेळीही तिसरीचा भूगोल आपल्या जिल्ह्याचा असे, चौथीला महाराष्ट्र येई आणि इतिहासात शिवाजी महाराज. जवळून दूर जायचं, माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे जायचं. तर्क पक्का आहे. अडचण एवढीच की मूल मध्यभागी बसलेलं सापडत नाही. आमच्या नातीला कोरियातल्या गायकांची नावं आणि त्यांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत. तेही त्यांच्या लाडक्या कुत्र्यांच्या वाढदिवसांसकट. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींचं नाव मात्र 'लिफ्टमधल्या आजी' एवढंच आहे. त्या आजींचीही तक्रार नाही, कारण त्यांच्या लेखी आमचं अख्खं कुटुंब म्हणजे 'तीनशे दोन'.

पहिला प्रकल्प होता 'आपले मदतनीस'. समाजात आपल्याला कोण कोण मदत करतं ते पाहायचं आणि चित्रं चिकटवायची. पाहायची तरतूद स्टेशनरीच्या दुकानात असते, तिथे मदतनीसांचा तयार तक्ता मिळतो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मदतनीस संपले. वाहतुकीची साधनं आणि पाळीव प्राणी आहेत." पुढच्या दुकानात मिळाले. एका मोठ्या कागदावर चौकोन आखून पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, शिक्षक, सुतार, कुंभार, न्हावी आणि शेतकरी छापलेले होते. सगळ्यांचे गाल गुबगुबीत, कपडे नुकतेच इस्त्री केलेले, आणि सगळे हसत होते. पोलीसही हसत होता. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून नात गेली दोन-तीन वर्षं शाळेत जाते आहे. तिने चित्र जवळ घेऊन विचारलं, "यांनी आत्ताच कोणाला पकडलं का?"

कात्रीने कापायचं, गोंद लावायचा, खाली नाव लिहायचं, झालं समाजाचं निरीक्षण. या आठांपैकी कुंभार तिने जन्मात पाहिलेला नव्हता, आमच्याकडचा माठ खोक्यातून आला होता. सुतार पाहिला होता, पण तो चित्रातल्यासारखा रंधा मारत नव्हता, विजेच्या करवतीने प्लायवूड कापत होता आणि सगळ्या मजल्याला दुपारी झोपू देत नव्हता, म्हणून आमच्या घरी त्याची गणना मदतनीसांत होत नसे. तक्ता उलटसुलट करून पाहिल्यावर तिने विचारलं, "पण आपल्याकडे खरंच कोण येतं?" आणि ते शोधायला रविवारी सकाळी ती सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांशेजारी खुर्ची टाकून बसली. सोबत म्हणून मीही बसलो.

तुम्ही कधी आपल्याच गेटवर सकाळभर बसला आहात का? बसून पाहा. आपण त्या गेटमधून इतक्या वेळा जातो की ते आपल्याला दिसेनासं होतं. दूध टाकणारा मुलगा लिफ्टने शेवटच्या मजल्यावर जातो आणि जिन्याने पिशव्या अडकवत खाली येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. गॅसवाला सिलिंडर उचलत नाही, तिरका करून त्याच्या कडेवर गोल फिरवत नेतो. इस्त्रीवाला गाठोडं सोडायच्या आधी नुसतं हाताने चाचपून सांगतो की यात आठशे एकचा शर्ट नाही. तीन रंगांच्या टीशर्टांतली पोरं मोटरसायकल चालूच ठेवून आत पळत होती आणि पळतच बाहेर येत होती. पाण्याचा टँकर आला तेव्हा सगळ्यांची मान एकदम वर झाली, तेवढा मान त्या सकाळी दुसऱ्या कोणाला मिळाला नाही.

या सगळ्यांचं वर्गीकरण कर, असं मी सुचवलं. माझ्या डोक्यात खाण्याच्या वस्तू आणणारे, दुरुस्ती करणारे, सफाई करणारे असं काहीतरी होतं. तिने वहीत तीन रकाने पाडले: धावणारे, चालणारे, बसणारे. धावणाऱ्यांत टीशर्टवाली पोरं. चालणाऱ्यांत दूधवाला, इस्त्रीवाला, कामवाल्या मावश्या. बसणाऱ्यांत वॉचमनकाका, चेअरमनकाका आणि मी. खाली एक ओळ लिहिली: "जे बसतात त्यांना सगळे नमस्कार करतात. जे धावतात त्यांचं नाव कोणाला माहीत नाही." विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी ही ओळ फोनवर वाचून दाखवली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला की हिच्या वर्गात जागा आहे का ते विचार.

सगळ्यात रंगलेली मुलाखत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. आमच्या ताई त्यातल्याच, छातीवर ओळखपत्र लावून येतात. शाळेने प्रश्न छापून दिले होते: तुमचे नाव काय? तुम्ही कोणते काम करता? तुम्हाला तुमचे काम आवडते का? पहिले दोन नातीने प्रामाणिकपणे विचारले. तिसऱ्याला ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चौथा स्वतःच्या मनाने विचारती झाली. "ताई, कोणाच्या घरी काय चाललंय ते तुम्हाला कचऱ्यावरून कळतं का?"

ताई डबा खाली ठेवून पायरीवर टेकल्या. "सगळं कळतं बाळा." मग त्यांनी नावं न घेता जे सांगितलं, ते ऐकून आमच्या इमारतीचा सामाजिक इतिहास लिहायला त्याच एक योग्य व्यक्ती आहेत अशी माझी खात्री झाली. कोणाकडे पाहुणे राहिलेत, कोणाचं बाळ डायपरमधून बाहेर पडलं, कोणाच्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या वाढायला लागल्या, कोण फ्रीजमधली अख्खी भाजी टाकतं, आणि बाहेरचं आमच्याकडे चालत नाही असं लिफ्टमध्ये सांगणाऱ्या घरातून दर शनिवारी पिझ्झाचे खोके कसे बाहेर येतात. नातीने सगळं ऐकून घेतलं आणि वहीत दोनच वाक्यं लिहिली: "आमच्या चेअरमनकाकांनी ओला कचरा व सुका कचरा वेगळा करा अशी पाटी लावली आहे. त्यांच्या घरचा कचरा ताई वेगळा करतात."

दोन विधानं. एक विशेषण नाही, टोमणा नाही, मत नाही. मी बँकेत असताना लेखापरीक्षकांचे ढीगभर अहवाल वाचले आहेत, इतका स्वच्छ शेरा मला कधी दिसला नाही. सुनेने तो खोडरबराने पुसला. "चेअरमनकाका उद्या पार्किंगचा प्रश्न काढतील," असं म्हणून तिने त्या जागी लिहून घेतलं: "ताई आम्हाला खूप मदत करतात. आम्ही त्यांचा आदर करतो." शाळेतून वही परत आली तेव्हा या वाक्याखाली लाल शाईत 'छान' होतं आणि शेजारी चांदणी. धावणारे-चालणारे-बसणारे या पानावर शेरा होता, 'चित्रे चिकटव.'

दुसरा प्रकल्प 'घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा'. यात मंदिर, दवाखाना, बँक, टपाल कार्यालय, बाग एवढं आलं की पूर्ण गुण. नकाशाला सूची हवी, असं बाईंनी सांगितल्यामुळे तिने आधी सूचीच केली. काळा ठिपका म्हणजे भुंकणारा कुत्रा, पोकळ ठिपका म्हणजे न भुंकणारा. गोल म्हणजे खड्डा, गोलात गोल म्हणजे बुजवलेला आणि परत उघडलेला खड्डा. आडव्या रेघा मारलेला भाग म्हणजे जिथे भज्यांचा वास येतो तो प्रदेश; तो वडाच्या झाडापासून पंक्चरच्या दुकानापर्यंत पसरला होता आणि पावसाळ्यात थोडा पुढे सरकतो अशी टीप होती. लाल फुली होती तीन ठिकाणी. सूचीत लाल फुलीसमोर लिहिलं होतं: "इथे बाबा ओरडतात."

मुलगा म्हणाला, लाल फुल्या काढ. ती म्हणाली, मग तिथे ओरडू नकोस. घरात नकाशावरून सीमावाद पेटायची वेळ आली तेव्हा मी मध्ये पडलो आणि नकाशा हातात घेऊन शाळेपर्यंत चालत जाऊन आलो. एकही खूण चुकीच्या जागी नव्हती. दोन्ही प्रकारचे कुत्रे आपापल्या ठिकाणी होते आणि आपापल्या परीने वागले. तिन्ही फुल्या सिग्नल नसलेल्या चौकांवर होत्या. मी पंधरा मिनिटं उभा राहिलो तेवढ्यात तिथे बरेच बाबा ओरडून गेले. वाहतूक पोलिसांनी अभ्यासगट नेमून जे शोधलं असतं, ते तिने मागच्या सीटवरून शोधलं होतं. नकाशात बँक मात्र नव्हती. मी सारा जन्म बँकेत काढलेला माणूस, मला ते लागलं. "त्या चौकात एवढी मोठी बँक आहे, ती नाही दाखवलीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तिथे काही होत नाही, आजोबा."

आता मोठ्यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. निकरसन आणि ॲडम्स नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अमेरिकी माणसांना त्यांनी एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. रोज खिशात खुळखुळणारं नाणं, पण त्यावर काय कुठे आहे ते बहुतेकांना सांगता येईना. हे मी नातीला सांगितलं आणि तिने तो प्रयोग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, कोरम भरायची वाट पाहत बसलेल्या लोकांवर केला. "विसाच्या नव्या नोटेच्या मागे कशाचं चित्र आहे?" कोणी म्हणालं लाल किल्ला, तो पाचशेवर असतो. कोणी सांची म्हणालं, ते दोनशेवर. एकाने संसद सांगितली, ती जुन्या पन्नासावर होती. एक गृहस्थ छातीठोकपणे मंगळयान म्हणाले. मंगळयान दोन हजारांच्या नोटेवर होतं, आणि तीच नोट यांच्या इतकी लक्षात का राहिली असावी हे चौकस नजरेने सगळ्यांनी पाहिलं, विचारलं मात्र कोणी नाही. मला विचारू नकोस असं मी आधीच बजावलं होतं. रोखपालाने नोट मोजायची असते, बघत बसायची नसते.

विसाच्या नोटेमागे वेरूळ आहे. आपल्याच राज्यातलं, सहलीला आपण सगळे जाऊन आलो ते. त्याच बाजूला पंधरा भाषांची उभी पट्टी असते आणि मराठी तिच्यात वरून आठवी, म्हणजे खालूनही आठवी. हे मला नातीने बोट लावून मोजून दाखवलं. मराठीला केंद्रात स्थान नाही असं म्हणणाऱ्यांनी खिशात हात घालून पाहावं.

मुलांना पाहायला शिकवावं लागत नाही, त्यांनी पाहिलेलं मोजायला जागा द्यावी लागते, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला कळलीच नव्हती असं नाही. ताराबाई मोडकांना ती शंभर वर्षांपूर्वी कळली होती. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसरीची पद्धत त्यांना पटलेली होती, पण तिचं साहित्य महाग. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं आणि तिथे ताराबाई व अनुताई वाघांनी शिंपले, बिया, पानं, खडे असं हाताशी असेल ते साहित्य मुलांपुढे ठेवलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा उठून त्यांच्या अंगणात गेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झालं. तिथली मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून शाळाही गुरांमागे गेली आणि कुरणशाळा झाली. कुरणशाळेतल्या पोराला गाईला चार पाय असतात हे पाठ करावं लागलं नसणार. ते चारही पाय कोणाच्या शेताकडे निघालेत यावर त्याचं लक्ष होतं. पुढे १९८५ मध्ये कोल्हापूरला लीला पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथेही मुलांच्या स्वतःच्या अनुभवाला मान होता.

आणि आपण? आपण 'पानांचे प्रकार' हा प्लॅस्टिक चढवलेला तक्ता वर्गात लावतो, तो लावायला जागा कमी पडते म्हणून खिडकी झाकतो, आणि खिडकीबाहेर पिंपळ असतो.

दिशांचा धडा आला तेव्हा मला वाटलं, यात तरी घोटाळा होणार नाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. आमच्या गॅलरीतून उगवता सूर्य दिसत नाही. समोर बी विंग आहे. तिच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून तो वर येतो तोवर बाबांची स्कूटर शाळेकडे निघून गेलेली असते. सुट्टीच्या दिवशी मात्र नातीने त्याला गाठलं, आणि काचेवर स्केचपेनने खूण केली. जूनमध्ये तो टाकीच्या डावीकडून येत होता. गणपतीनंतर टाकीच्या मागून. डिसेंबरात तो पार उजवीकडे, चेअरमनकाकांच्या डिश अँटेनापाशी गेला. काचेवरच्या खुणा पुसायला आलेल्या मावशींना तिने हात लावू दिला नाही.

"आजोबा, पूर्व सरकते का?"

पूर्व सरकत नाही, सूर्यच वर्षात दोनदा, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमाराला काय तो बरोबर पूर्वेला उगवतो, एरवी उत्तरेकडे नाहीतर दक्षिणेकडे कललेला असतो, हे मी तिला सांगितलं. ते तिने काचेवर आधीच पाहिलेलं असल्यामुळे समजावावं लागलं नाही. मग तिने मला विचारलं की भर दुपारी सावली कधी नाहीशी होते, आणि पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी असा दिवस येतो म्हटल्यावर तिने कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानावर, जिथे आजीने लोणच्याच्या कैऱ्या लिहून ठेवल्या होत्या, त्याच्या खाली खूण केली. जुलैला ढग असतात, तेव्हा मेच धरावा लागतो.

चाचणी परीक्षेत प्रश्न आला: सूर्य कोणत्या दिशेला उगवतो? तिने लिहिलं, "सूर्य बहुतेक पूर्वेला उगवतो." अर्धा गुण कापला. 'बहुतेक' या शब्दाभोवती लाल गोल होता. पालकसभेत मी तो गोल दाखवून बोलायच्या तयारीने गेलो होतो. पण चाळीसच्या वर मुलांचा वर्ग, शेजारी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आणि त्याच्यावर निवडणुकीच्या कामाचा आदेश, असं बाईंच्या टेबलाचं निरीक्षण घडल्यावर मी चहा घेऊन परत आलो. खिडकीतला पिंपळ बघायला त्यांना तरी कोणी वेळ दिला आहे?

बोर्डाच्या परिसरापेक्षा मला पार्किंगमधला परिसर जास्त आवडायला लागला त्याचं कारण गाड्यांच्या पाट्या. एमएच १२ म्हणजे पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ११ सातारा, १० सांगली, ०९ कोल्हापूर, १३ सोलापूर. महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे पाठ करताना जी पोरगी जांभया देत होती, तिने ही यादी आठवड्यात पाठ केली, कारण ती गाड्यांवर लावून बघता येत होती. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिने जाहीर केलं की पार्किंग रिकामं झालंय आणि उरलेल्यांत आपण आहोत. "आजोबा, पुण्यातल्या बऱ्याच लोकांचं गाव पुणे नाहीये." स्थलांतर हा शब्द तिला पुढे कधीतरी पुस्तकात भेटेल.

राहता राहिलं कुटुंब. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पुरुष घरकाम करतानाची चित्रं आली तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची बरीच चर्चा झाली होती. मी तेव्हा त्या चित्रांचं मोकळ्या मनाने स्वागत केलं. चित्राचं स्वागत करायला काही लागत नाही. यंदा 'माझे कुटुंब' या पाठासाठी नातीने घरातल्या कामांचा तक्ता केला. आईच्या रकान्यात कामं मावेनात म्हणून कागद जोडावा लागला. आजीचा रकाना त्याच्या खालोखाल. बाबांच्या रकान्यात "गाडी धुतात, वायफाय बंद करून चालू करतात." माझ्या रकान्यात "पेपर वाचतात. चहा छान झाला म्हणतात."

पुसायला खोडरबर शोधला तर तो कोणीतरी लपवून ठेवलेला होता. आता संध्याकाळी मी मेथी निवडायला बसतो. ती समोर वही घेऊन बसते.

तेव्हा तुमच्या घरी यंदा कोणी तिसरीत गेलं असेल, तर मदतनीसांचा तक्ता आणू नका, त्याला रविवारी सकाळी गेटवर बसवा. सोबत तुम्हीही बसा, मोबाइल घरी ठेवून. ते जे विचारेल ते विचारू द्या, जे लिहील ते राहू द्या, आणि खोडरबर आठवडाभर स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. सोसायटीचे चेअरमन असाल तर त्याआधी एक करा, घरचा ओला कचरा वेगळा करायला आजपासून लागा.